पुठ्ठ्याचा नॉर्विन

दुपारच्या सुट्टीत मॉलच्या मागच्या जिन्यात बसून मी डब्यातला भात खात होतो, आणि फोनवर माझी मुलगी मला सोडून माझ्याकडे पळाली. वाक्यात चूक नाही. फोनच्या चौकोनात आधी तिचं कपाळ आलं, मग एक नाकपुडी, मग मागून माझ्या बायकोचा, लिझेलचा आवाज आला की बघ कोण आहे, हाक मार, पापा म्हण. नॉर्लिझने माझ्याकडे पाहिलं, म्हणजे भात चावणाऱ्या एका माणसाकडे पाहिलं. मग स्वच्छ 'पापा' म्हणून ती वळली, तुरुतुरु खोलीच्या कोपऱ्यात गेली आणि तिथे जो मी उभा होतो त्या माझ्या पायाला तिने मिठी मारली. काळा कोट, दुकानाचा सोनेरी बिल्ला, एक हात पुढे, आणि चेहऱ्यावर ते हसू, जे आम्हाला पगारात धरूनच दिलेलं असतं. माझ्या तोंडातला घास तिथेच थांबला.

पहिल्या वाढदिवसाला लिझेलने माझा पुरुषभर उंचीचा कटआउट करून घेतला होता, हे मला माहीत होतं. आमच्याकडे, मनिलाहून बसने जायच्या सोर्सोगोनमध्ये, त्यात विशेष काही नाही. परदेशात गेलेला बाप पोरांच्या पदवीदानाला किंवा लग्नाला येऊ शकला नाही तर तो पुठ्ठ्याचा येतो. फोटोत माणसं पुरी दिसली पाहिजेत. आमच्या गावात फ्लेक्सवाल्याचं दुकान चर्चला लागून आहे ते काही उगाच नाही. पण वाढदिवस संपला की फुगे फुटतात, केक संपतो आणि पुठ्ठा कोंबड्यांच्या खुराड्याला आडोसा म्हणून जातो, अशी माझी समजूत होती. मी खुराड्याला लागलो आहे आणि थोडाफार उपयोगी पडतो आहे, अशा समजुतीत मी कित्येक महिने सुखाने काढले होते.

"तो अजून आहे?" मी विचारलं.

"कोण तो?" लिझेल म्हणाली. "तू ना?"

मग तिने मला जे काही सांगितलं, ते एखाद्या दूरच्या, बरं चाललेल्या नातेवाइकाची खुशाली सांगावी तसं. मी बरा आहे. उन्हाने जरा फिकटलो आहे, म्हणून मला खिडकीपासून हलवलं आहे. नानाय, म्हणजे माझी आई नॉर्मा, रोज सकाळी माझ्यावरून फडकं मारते आणि कपडे बदलताना माझा चेहरा भिंतीकडे करते, कारण काही झालं तरी मुलगा आता मोठा झाला आहे. शेजारच्या दोन बारशांना मी धर्मपिता म्हणून जाऊन आलो. परदेशातला माणूस धर्मपिता असला की बाळाला बरं असतं. पाद्र्याने आधी नाक मुरडलं, पण माझ्या पुढे केलेल्या हाताला लिझेलने पाकीट चिकटवलेलं पाहिल्यावर त्याने पाणी शिंपडलं. गेल्या वादळात पाणी घरात शिरलं तेव्हा आधी नॉर्लिझला माळ्यावर नेलं, मग मला, मग तांदूळ. मी विचारलं की टीव्ही? लिझेल म्हणाली, टीव्ही भिजला, आता तूच आहेस बघायला.

माझं नाव नॉर्विन. आई नॉर्मा, बाप एर्विन, दोघांचं अर्धं अर्धं. आमच्या मुलीच्या वेळी लिझेलनेही तसंच केलं, म्हणून ती नॉर्लिझ. नाव ऐकलं की खाजेवर लावायचं मलम असावं असं वाटतं, पण पोर सुंदर आहे. ती तीन महिन्यांची असताना मी बहारीनला आलो. तिने माझा जो काही वास घेतला असेल तो दुधात विरून गेला.

त्या दुपारी मी पुन्हा दुकानाच्या दारात जाऊन उभा राहिलो. माझं काम उभं राहण्याचंच आहे. मनामातल्या एका मोठ्या मॉलमध्ये ऊद आणि अत्तराचं दुकान आहे, त्याच्या दारात हातात धूपदाणी घेऊन मी उभा असतो. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या अंगावरून थोडा धूर ओवाळायचा. आत या म्हणायचं नाही, धूर म्हणतो. नाकाला खाज आली तर ती सोसायची. बायका फोटो काढायला लागल्या तर हात पुढे तसाच ठेवून हसायचं. मी हॉटेल व्यवस्थापन शिकलो, त्यात उभं राहणं हा विषय नव्हता. इथे आल्यावर पहिल्या महिन्यात पोटऱ्या दगडासारख्या झाल्या. दुसऱ्या महिन्यात मी एक युक्ती शोधली: आपण शरीरात मागच्या बाजूला, साधारण पाठीच्या कण्याजवळ, एक खुर्ची टाकून बसलो आहोत आणि पुढे जे उभं आहे ते आपलं नाही, असं धरून चालायचं. ही युक्ती इतकी जमली की कधी कधी दुकान बंद व्हायच्या वेळी मला स्वतःला हाक मारून पुढे बोलवावं लागे. आता खुर्चीत बसल्या बसल्या मला पहिल्यांदाच एक साधी गोष्ट दिसली. या नोकरीत मला जे जमतं, ते पुठ्ठ्याला माझ्यापेक्षा बरं जमतं. त्याला पोटऱ्या नाहीत.

उदाच्या धुराची एक खोड आहे, तो नाकातून थेट लहानपणात जातो, मग तिथे उदाचा काही संबंध असो वा नसो. माझा बाप एर्विन दम्माममध्ये वेल्डर होता. तेव्हा फोन महाग होते, म्हणून तो कॅसेटवर बोलून कॅसेट पाठवायचा आणि नानाय ती संध्याकाळी लावायची. आमचा टेपरेकॉर्डर बॅटरीवर चाले. बॅटऱ्या उतरल्या की नानाय त्या उन्हात वाळवून पुन्हा घालायची, मासळी वाळवावी तशा, त्यामुळे बापाचा आवाज मी कधी पुऱ्या ताकदीवर ऐकलाच नाही. तो खोल, सावकाश, रेड्याने विचार करून बोलावं तसा यायचा. 'नॉ-र्वि-न, जे-व-लास-का.' तो आवाज मला फार आवडायचा. मी यंत्राच्या जाळीला कान लावून झोपायचो. मग मी चार वर्षांचा असताना एक माणूस दारातून आत आला, साबणाच्या वासाचा, आणि चिमणीसारख्या चिरक्या, भरभर आवाजात म्हणाला, नॉर्विन, जेवलास का? मी ओरडून टेपरेकॉर्डरच्या मागे लपलो. पहिल्या दिवशी बाप हसला. दुसऱ्या दिवशी तो हसला नाही. आठवड्याच्या शेवटी त्याने यंत्रातल्या बॅटऱ्या काढल्या आणि अंगणाच्या कडेला उभं राहून एक एक करत समुद्रात फेकल्या. फेक चांगली होती. मग वळून त्याने मला जवळ बोलावलं. मी गेलो नाही. त्या सुट्टीत मी त्याच्याशी एक शब्द बोललो नाही, पुढच्या दोन सुट्ट्यांत कामापुरता बोललो, आणि चौथ्यांदा तो आला तेव्हा तो स्वतःच बोलण्याच्या स्थितीत नव्हता, विमानतळाहून त्याला चौघांनी उचलून आणलं. चार वर्षांच्या पोराचा यात काही दोष नाही, हे मी पुष्कळ विचाराअंती ठरवलं आहे. बापाचाही नाही. दोष डावपेचांचा. ज्याला पोराने बाप मानलं आहे त्याच्यावर हात टाकायचा नसतो, मग तो बॅटरीवर चालणारा का असेना.

त्या संध्याकाळी कामगारांच्या बसमध्ये खिडकीला डोकं लावून मी ठरवलं की घरी जायचं. रडायला नाही. भेटवस्तू द्यायलाही नाही. नॉर्लिझ जरा उशिराच बोलायला लागली आहे, तिचे शब्द अजून बोटांवर मोजण्यासारखे आहेत, 'पापा' हा शब्द पुठ्ठ्याला चिकटलेला असला तरी डिंक ओला आहे. तो वाळायच्या आत मला तिथे पोचायचं होतं. एवढं ठरवल्यावर मला भूक लागली.

गुदैबियातल्या आमच्या खोलीत माझ्या खालच्या बिछान्यावर कुया अर्नुल्फो राहतात. कुया म्हणजे थोरला भाऊ, पण ते माझ्या बापाच्या वयाचे आहेत. एसी दुरुस्त करतात आणि म्हणून आमच्या खोलीचा एसी कायम बंद असतो. शुक्रवारी, म्हणजे इथल्या रविवारी, चर्चहून आल्यावर ते खिडकी उघडून सुकी मासळी तळत होते आणि समोरच्या इमारतीतून कोणीतरी त्या वासाबद्दल आपलं मत ओरडून सांगत होतं. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी मासळी उलटली. त्यांचं म्हणणं असं की मी नशीबवान आहे. त्यांच्या घरी त्यांचा साधा फोटोदेखील भिंतीवर नाही, तिथे फ्रिज आहे, तो त्यांनीच पाठवलेला, आणि पोरं त्याच्याकडे आदराने बघतात. गेल्या खेपेला ते घरी गेले तेव्हा चौथ्या दिवशी बायकोने विचारलं की आता परत कधी. वाईट हेतूने नाही, उशांचे अभ्रे धुवायचे होते म्हणून.

"पुठ्ठा बरा," कुया म्हणाले. "पुठ्ठा घोरत नाही, पुठ्ठ्याला कालवण खारट लागत नाही. तू गेलास की सहा दिवसांत भांडशील. मग तुझी बायको कोणाच्या खांद्यावर रडेल? त्याच्याच."

"तो माझ्यापेक्षा उंच आहे, कुया," मी म्हणालो.

ही गोष्ट मी लिझेलकडून काढून घेतली होती. फ्लेक्सवाल्याने उंची विचारली तेव्हा तिला माझी उंची आठवेना. आठवणीत माणूस वाढतो. तिने दाराच्या चौकटीला हात लावून 'एवढा' असं दाखवलं आणि त्याने तेवढा केला. कुयांनी ताटलीत माझ्यासाठी मासळीचा मोठा तुकडा काढला. उंच माणसाशी लढायचं तर खाल्लं पाहिजे, असं काहीसं ते पुटपुटले, किंवा मला तसं वाटलं.

दुकानाचे व्यवस्थापक मिस्टर निदाल जॉर्डनचे. सभ्य माणूस, अत्तर विकून विकून त्यांना स्वतःला वास येत नाहीसा झाला आहे. माझी दोन वर्षं केव्हाच भरली होती आणि रजा हक्काची होती, पण दर वेळी काहीतरी आड यायचं. आता ईद आड येत होती. ते म्हणाले की ईदनंतर बघू. मी म्हणालो की ईदनंतर माझी मुलगी बोलायला लागेल. त्यांनी ही अडचण समजून घेण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला, ते त्यांच्या भुवयांवरून दिसलं. मग हात पसरून म्हणाले, "अरे पण दारात उभं कोण राहील?"

त्या क्षणी मला काय झालं ते मला सांगता येणार नाही. कण्याजवळच्या खुर्चीवरून कोणीतरी उठल्याचा आवाज आला. मी म्हणालो, "मी."

दुसऱ्याच दिवशी मी घरच्या पुठ्ठ्याचा तोच फोटो घेऊन गुदैबियातल्या फलकवाल्याकडे गेलो आणि या वेळी उंची स्वतः मोजून सांगितली. माणसाला आपला वारसदार स्वतः कापून घ्यायची संधी क्वचित मिळते. पुढे केलेल्या हाताच्या मागे पुठ्ठ्यात एक भोक पाडून घेतलं आणि भोकामागे विजेवर तापणारी धूपदाणी बसवली, म्हणजे धूर बरोबर मुठीतून निघेल. मिस्टर निदालना वाटलं मी गंमत करतो आहे. मी गंमत करत नव्हतो. मी आयुष्यात इतका गंभीर फक्त एकदाच झालो होतो, विमानतळावर, आणि तेव्हाही बूट काढायला सांगितले होते म्हणून. ते म्हणाले, एक दिवस बघू.

तो दिवस मी समोरच्या घड्याळांच्या दुकानापाशी उभा राहून काढला. स्वतःला कामावर असलेलं पाहणं हा एक चमत्कारिक अनुभव आहे. मला वाटलं होतं मी तिथे जरा केविलवाणा दिसत असेन. मी केविलवाणा नव्हतो. मी प्रसन्न होतो. मुठीतून धूर निघत होता, पोरं थांबत होती, बाया फोटो काढत होत्या आणि मी कुणाच्याही वाटेत येत नव्हतो. माझ्या मनात एक थंड, गुळगुळीत भीती वर सरकत होती आणि तिच्याच बरोबर, याची मला लाज वाटली, थोडा अभिमानही. दुपारी एक वृद्ध बाई आल्या, काळा अबाया, हातात काठी. त्या माझ्यासमोर थांबल्या आणि त्यांनी मला आपल्या नातसुनेविषयी सांगायला सुरुवात केली. मी ऐकून घेतलं. नातसून सकाळी उशिरा उठते. मी ऐकून घेतलं. तिला उदाचा वास सोसत नाही, डोकं दुखतं म्हणते. मी हसतमुखाने धूर सोडत राहिलो. बाईंनी मान हलवली, आत गेल्या, दोन मोठ्या बाटल्या घेतल्या आणि बाहेर पडताना मिस्टर निदालना म्हणाल्या की हा मुलगा चांगला नेमलात, आधीचा मध्ये मध्ये बोलायचा. मिस्टर निदाल काही क्षण दारातल्या नॉर्विनकडे बघत राहिले. मग त्यांनी समोर, घड्याळांच्या दुकानाकडे पाहिलं, जिथे तोच इसम एक पाय दुसऱ्या पायावर घासत उभा होता, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हिशोब उमटला.

"जा तू," संध्याकाळी ते म्हणाले. "आरामात ये."

नोकरदार माणसाला 'आरामात ये' याइतकं भीतिदायक दुसरं काही ऐकायला मिळत नाही. मी विचारलं की आल्यावर माझी जागा असेल ना. ते खरोखरच सभ्य आहेत, खोटं बोलले नाहीत. "जागा आहेच," ते म्हणाले. "आता तिथे कोणीतरी उभं आहे, एवढंच."

कुया अर्नुल्फो म्हणाले की मूर्ख माणसं दोन प्रकारची, एक ज्यांची जागा दुसरा घेतो ती, आणि एक जी दुसऱ्याला आणून बसवतात, आणि तू तर उभा करून आलास. रद्द कर, ते म्हणाले, पुठ्ठ्यावर पाणी ओत आणि उद्या कामावर जा. पूर्वी मी तसं केलं असतं. त्या रात्री बिछान्यावर पडून मी त्या भीतीला सगळ्या बाजूंनी चाचपून पाहिलं, दुखरा दात जिभेने चाचपावा तसं. बहारीनमध्ये माझ्या जागी एक, सोर्सोगोनमध्ये माझ्या जागी एक. मधल्या समुद्रावर जो उरतो तो मी, म्हणजे कापल्यावर उरलेल्या पुठ्ठ्याची चौकट, माणसाच्या आकाराचं भोक असलेली. पण त्या चौकटीला भूक लागत होती आणि तिच्या पोटऱ्या दुखत होत्या, आणि मला वाटलं की दुखणाऱ्या पोटऱ्या हे काही कमी भांडवल नाही. नोकरी गेली तर दुसरी बघू. दारं पुष्कळ आहेत, प्रत्येक दारात कोणीतरी उभं असतंच. मुलीच्या दारात मात्र एकच जागा आहे. मी तिकीट काढलं. विमानात माझ्या खुर्चीवर कोणीही नव्हतं, याचं मला इतकं बरं वाटलं की मी हवाई सुंदरीला उगाचच धन्यवाद म्हणालो.

मनिलाहून बसने गावी उतरलो तेव्हा दुपार होती आणि नारळाच्या झावळ्यांतून ऊन गळत होतं. घराचं दार उघडंच होतं. आधी मला तोच दिसला. तो खरोखरच उंच होता. उन्हाने त्याचा लाल रंग उडून गेला होता, त्यामुळे चेहरा निळसर झाला होता, बुडून काही दिवस झालेल्या माणसासारखा, पण हसू जागच्या जागी. कोटाच्या कडेला पुठ्ठ्याचे पापुद्रे सुटले होते आणि ते कोणीतरी चिकटपट्टीने जपून बसवले होते. नानायने मला पाहून तोंडावर हात दाबला आणि ती रडायला लागली. लिझेल स्वयंपाकघरातून हात पुसत आली, तिने माझ्याकडे पाहिलं, मग नकळत त्याच्याकडे पाहिलं, उंची ताडून बघावी तसं, आणि मग येऊन माझ्या छातीवर डोकं टेकलं. तिच्या केसांना खोबरेल तेलाचा वास होता. हा वास फोनमधून येत नाही हे मी विसरलोच होतो.

नॉर्लिझ जमिनीवर बसली होती, समोर ताटली, हातात चमचा. तिने मान वर केली. मी वाटभर पाठ केलेलं वाक्य म्हटलं. तिने ओठ काढले, छाती भरून घेतली आणि किंचाळली, आणि ताटली तिथेच टाकून पळाली ती त्याच्या मागे. पुठ्ठ्याच्या पाठीमागे बांबूची एक काठी टेकू म्हणून लावली होती, ती तिने दोन्ही हातांनी घट्ट धरली. पुठ्ठा थरथरला. त्याच्या पायांच्या मधून तिचा एक डोळा माझ्याकडे बघत होता.

लिझेल लाजली. "थांब, मी काढते त्याला," असं म्हणून ती त्याच्या कमरेला हात घालायला निघाली.

"हात लावू नकोस," मी म्हणालो. "राहू दे त्याला."

मी बॅग खाली ठेवली. बूट काढले. भिंतीपाशी जाऊन त्याच्या शेजारी, एक हात अंतर ठेवून उभा राहिलो. एक हात पुढे केला, चेहऱ्यावर हसू आणलं आणि थांबलो. या एकाच कामाचा मला दोन वर्षांचा अनुभव आहे. नानायने विचारलं की हे काय, बस की, एवढा प्रवास करून आलास, चहा घे. लिझेलने तिला गप्प राहायला खुणावलं. लिझेलला बहुतेक सगळं कळतं, फक्त उंची कळत नाही. शेजारच्या बाई माझा आवाज ऐकून आल्या आणि दारातून 'आलास का रे नॉर्विन' म्हणाल्या त्या त्याला. मी हसू तसंच ठेवलं. पोटऱ्या ओळखीच्या पद्धतीने दुखायला लागल्या. मी सवयीने मागे सरकून कण्याजवळच्या खुर्चीत बसणार होतो, पण त्या दिवशी बसलो नाही. पुढेच राहिलो, त्वचेच्या अगदी लगत, नाकावर बसलेल्या माशीसकट. एसीविना उभं राहण्याचा हा पहिलाच प्रसंग, गळ्यातून घाम ओघळत बेंबीपर्यंत गेला. अंगणात कोंबडी काहीतरी उकरत होती. बापाने ज्या कडेवरून बॅटऱ्या फेकल्या ती कड खिडकीतून दिसत होती आणि मला त्याच्याविषयी प्रथमच असं वाटलं की त्याने घाई केली. त्याच्याकडे सुट्टीचे अजून तीन आठवडे होते.

ऊन भिंतीवरून खाली उतरलं तेव्हा नॉर्लिझ बाहेर आली. आधी एक पाय, मग दुसरा. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, मुद्दाम. ताटलीपाशी जाऊन चमचा उचलला, भात आणि शेवग्याच्या पाल्याचं कालवण त्यावर घेतलं, आणि ती त्याच्याकडे गेली. तिचा हात त्याच्या कमरेच्या वर पोचत नव्हता. तिने स्टूल ओढून आणलं, चढली, आणि चमचा त्याच्या छापील दातांवर टेकवला. भात घसरून कोटावर पडला. तिने तो बोटाने निपटून स्वतः खाल्ला. कोपऱ्यातल्या जमिनीवर वाळलेल्या भाताचे डाग का होते ते मला कळलं. रोज वाढते ही, आणि रोज तो खात नाही, आणि तिने त्याचा राग धरलेला नाही. मी हसू मोडू दिलं नाही. मग ती स्टुलावरून उतरली. स्टूल माझ्यासमोर ओढलं. चढली. तिचा श्वास माझ्या हनुवटीला लागत होता, दुधाचा आणि पाल्याचा. कालवण लागलेला चमचा माझ्या ओठांना टेकला.

मी तोंड उघडलं.

ती गोठली. चमचा आत गेला, रिकामा बाहेर आला. तिने रिकाम्या चमच्याकडे पाहिलं, माझ्या कोटावर, माझ्याकडे तर कोट नव्हता, शर्टावर पाहिलं, खाली जमिनीवर पाहिलं. भात कुठेच नव्हता. मी चावलं. माझा गाल हलला तेव्हा तिचाही हलला. कालवण अळणी होतं आणि मी त्याबद्दल काहीही बोललो नाही. स्वयंपाकघराच्या दारात नानाय आणि लिझेल एकमेकींना धरून उभ्या होत्या, दोघींपैकी कोणीही श्वास घेत नसावी.

नॉर्लिझ उतरली. ती त्याच्या मागे गेली आणि बांबूच्या काठीला तिने हात लावून पाहिला, आहे ना म्हणून. मग भिंत आणि मी यांच्या मधल्या फटीतून ती माझ्या मागे शिरली. मला ती दिसत नव्हती, फक्त ऐकू येत होती, लहान श्वास, भिंतीवर घासणारा फ्रॉक. तिने माझ्या पोटरीपासून वर चाचपलं, मग दुसरी पोटरी, मग दोन्हींच्या मध्ये. काठी नव्हती. ती थोडा वेळ विचारात पडली. इतकं उंच काहीतरी, मागून काही नाही, आता पडेल. मग तिने आपले दोन्ही तळवे, भाताने चिकट झालेले, माझ्या गुडघ्यांच्या मागे ठेवले आणि सगळा जोर लावून मला टेकू दिला.